जेठ जन्मठेपेवरून सुटून येतोय, घरात दोन मुली आहेत

वाचकांचे प्रश्न

(या अंकातल्या पत्रांना धुळ्याच्या एका निवृत्त परिविक्षा अधिकाऱ्यांनी (प्रोबेशन ऑफिसर) उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, बांधाच्या भांडणात चुलतभावाचा खून केला होता. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून ते आत आहेत, शेवटची वर्षं नाशिकरोडला. आता सुटकेची ऑर्डर निघाली म्हणतात, कानबाईच्या आधी घरी येतील. सासूबाईंचं एकच, "मन्हा पोऱ्या शे, तेले कथा धाडू?" (माझा मुलगा आहे, त्याला कुठे पाठवू?) आमचे हे म्हणतात, मधल्या खोलीत राहील. माझी एक मुलगी बारावीला, एक आठवीला. गावातल्या बाया म्हणतात, ज्याने एकदा माणूस मारला त्याला दुसऱ्यांदा काही वाटत नाही. करोनात ते पॅरोलवर येऊन राहिले होते, तेव्हा काही त्रास दिला नाही. पण तेव्हा पाहुण्यासारखे होते, आता कायमचे येणार. मी तोंड उघडलं की घरात मीच कजाग ठरते. काय करू?

उत्तर : तुम्ही कजाग नाही. घरात एक परका पुरुष कायमचा राहायला येतोय आणि त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे. जेठ असला तरी तुमच्यासाठी तो परकाच. नातं लग्नाने लागलं, ओळख कधी झालीच नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवू. हा माणूस पुन्हा कोणाला मारेल का, हा एक. आणि मधल्या खोलीला मी हो म्हणायलाच हवं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बायांना वाटतं त्याच्या उलट आहे. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अजिबात अवलंबून नाही.

पहिला प्रश्न. जन्मठेप भोगून सुटलेली माणसं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण तुरुंगातून सुटणाऱ्या सगळ्यांत कमी असतं. चोरी, पाकीटमारी, मारामारीत आत गेलेला पोरगा सहा महिन्यांत परत दिसतो. खुनातला म्हातारा दिसत नाही. इंग्लंड-वेल्सच्या न्याय खात्याने असा हिशेब काढला होता. तुरुंगातून सुटलेल्या सगळ्यांत मिळून पुन्हा गुन्हा सिद्ध झालेले ४६.९ टक्के. खुनासारख्या गुन्ह्यात सक्तीची जन्मठेप भोगून सुटलेल्यांत २.२ टक्के, आणि त्यात कोणताही गुन्हा धरलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९९५ नंतर पॅरोलवर सोडलेल्या ८६० खुनी कैद्यांचा माग स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०११ मध्ये काढला. नव्या गंभीर गुन्ह्यासाठी परत आत गेलेले ५ निघाले. पुन्हा खून केलेला एकही नव्हता.

तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावू नका, हे मीच सांगते. इंग्लंडात जन्मठेपेवरून सुटलेल्या माणसाचा परवाना आयुष्यभर टांगता असतो, अट मोडली की परत आत. कॅलिफोर्नियात पॅरोलचं मंडळ पारखून पारखून सोडतं. आपल्याकडे फाइलवर सह्या झाल्या की माणूस गेटबाहेर, आणि पुढे त्याचं काय झालं हे विचारायला सहसा कोणी जात नाही. दिल्लीहून दरवर्षी तुरुंगांचा जाडजूड अहवाल निघतो. किती सुटले, किती मेले, किती पळाले, सगळं त्यात असतं. सुटलेल्या जन्मठेपवाल्यांचं पुढे काय झालं, त्याचं वेगळं कोष्टक मात्र त्यात नाही. ज्या प्रश्नावर सगळा गाव बोलतो तोच सरकार मोजत नाही, याचा मला नोकरीत असताना राग यायचा आणि अजून येतो.

तरी नोकरीत पाहिलेलं या आकड्यांच्या बाजूनेच जातं. कारण साधं आहे. पंचविशीत आत गेलेला पन्नाशीकडे झुकून बाहेर येतो. गुडघे गेलेले, डोळ्यांवर चष्मा, अंगातली रग आतच जिरलेली. आणि खून हा त्याचा धंदा नव्हता. एक बांध, एक चुलतभाऊ, एक सकाळ. बायांच्या डोक्यात जो माणूस आहे तो सुपारी घेणारा. तसेही असतात, पण बांधावरून खून करणारा त्या जातीचा नव्हे.

म्हणून मी तुम्हाला सांगते, माणसाकडे बघत बसू नका. भांडणाकडे बघा. ज्या भांडणात खून झाला ते मिटलंय का?

तुमच्या पत्रात एक शब्द कुठेच नाही : जमीन. तुमचं कुटुंब केळी-कापसाच्या पट्ट्यातलं, म्हणजे सातबारा असणारच. त्यावर जेठांचं नाव आहे की नाही? इतकी वर्षं त्यांच्या वाट्याचं रान तुमच्या यजमानांनी कसलं, ठिबक टाकलं, कर्ज काढलं, बोअर केला. तुरुंगात गेल्याने माणसाचा जमिनीतला हिस्सा जात नाही. कायद्याने खुन्याला वारसा मिळत नाही तो ज्याला त्याने मारलं त्याचा, किंवा जो वारसा मिळावा म्हणून मारलं तो. वडिलोपार्जित रानात जेठ पूर्वीइतकेच हिस्सेदार आहेत. मधल्या खोलीवरून तुमची झोप उडालीय, पण घर खरं फुटतं ते सातबाऱ्यावरून.

साक्री तालुक्यातला एक माणूस माझ्या चांगला लक्षात आहे. पाण्याच्या पाळीवरून खून, जन्मठेप, आत वागणूक इतकी चांगली की अधिकारी उदाहरण द्यायचे. फर्लोवर, म्हणजे जेलातून मिळणाऱ्या ठरावीक रजेवर, घरी यायचा आणि तारखेला दुपारी बाराच्या आत गेटवर हजर. अशाच एका फर्लोत धाकट्या भावाने "बँकेच्या कर्जाचा कागद आहे" म्हणून त्याची सही घेतली. ते हक्कसोडपत्र होतं. सुटून आल्यावर तलाठ्याकडे उतारा काढला तेव्हा कळलं. तो दोन महिने काहीच बोलला नाही. सकाळी उठायचा, शेताच्या कडेला उभा राहायचा, परत यायचा. वहिनी ताट वाढायची, तो हात धुवून जेवायचा, ताट घासून ठेवायचा. एक दिवस भाऊ म्हणाला, "फुकट खातोस वरून तोंड पाडतोस." त्याने दाराआडचा कुऱ्हाडीचा दांडा उचलला. पातं नव्हतं त्याला, म्हणून भावाच्या पायावर निभावलं. हा पुन्हा आत.

कोणी हिशेब मांडलाच तर "जन्मठेपेनंतर पुन्हा गुन्हा" या रकान्यात हा एक धरला जाईल. त्याच्या भावाचा रकाना कुठेच नाही.

तेव्हा जेठ यायच्या आधी यजमानांना घेऊन तलाठी कार्यालयात जा, उतारा काढा, बघा. ते आल्यावर पहिले काही महिने कोणत्याही कागदावर सही मागू नका, अगदी खऱ्या कर्जाच्या कागदावरही नको. आणि ज्या बांधावरून हे घडलं त्याची मोजणी झाली आहे का? बहुतेक झालेली नसेल. खून होतो, खटला चालतो, माणूस जन्मभरासाठी आत जातो आणि बांध तिथेच वाकडा राहतो, हे मी किती गावांत पाहिलं सांगू! भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, फी भरा. चुलत घराला नोटीस जाईल. मोजणीदार आला की दोन्ही घरांसमोर दगड रोवून घ्या. त्या दिवशी पोलीस पाटलांना बोलवा.

आणखी एक. मेलेल्या चुलतभावाला मुलं होती का? ती आता पंचवीस-तिशीत असतील. तुम्हाला जेठांची भीती वाटते, मला जेठांची काळजी वाटते. बापाला मारणारा पारावर बसून चहा पितोय, हे बघणं सोपं नसतं. पहिले काही महिने जेठांनी एकट्याने त्या शिवारात जाऊ नये, त्या घरासमोरून वाजतगाजत तर अजिबात येऊ नये. सुटकेच्या दिवशी गाडी करून, गुलाल उधळत माणूस आणणारे महाभाग असतात. तुमच्या घरात तसा कोणी असेल तर त्याला आत्ताच आवरा. जमलं तर भाऊबंदातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने त्या घरी आधी जाऊन सांगावं, अमुक दिवशी तो येतोय. माफी मागायला नको, नुसतं सांगायला. त्यांना रस्त्यात अचानक दिसण्यापेक्षा ते बरं.

आता दुसरा प्रश्न, मधली खोली. मधली खोली म्हणजे मुलींना न्हाणीघरात जाताना-येताना रोज तिथून जावं लागणार, असंच ना? मग नाही म्हणा. त्यासाठी जेठांना खुनी म्हणायची गरज नाही. वयात आलेल्या मुली आणि अनोळखी पुरुष यांच्यात एक दार असावं, हे कोणत्याही जेठाबाबत तुम्ही म्हटलं असतं. खळ्यातली खोली किंवा ओटीलगतची, जिला स्वतःचं बाहेरचं दार आहे, ती द्या. आणि किल्ली त्यांच्याच हातात द्या. वीस-बावीस वर्षं ज्याचं दार दुसऱ्याने लावलं आणि दुसऱ्याने उघडलं, त्याला किल्लीची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते. सासूबाईंना हे असं सांगा, की त्याला त्याची खोली देतोय. त्या ऐकतील.

आल्यावर काही गोष्टी विचित्र वाटतील, घाबरू नका. जेलात संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं, मग गिनती आणि बंदी. जेठ पाच वाजताच ताटाची वाट बघतील. बराकीत रात्रभर दिवा जळतो, म्हणून अंधारात झोप येत नाही, झिरोचा बल्ब लावून द्या. दार उघडं असलं तरी त्याच्यासमोर थांबतील, कोणीतरी "चला" म्हणायची सवय लागलेली असते. कोणी मागून आलं की दचकतील. मुलींना हे सगळं आधी सांगा, काका काय करून आत गेले तेही सांगा. त्यांना शाळेत कोणीतरी सांगणारच आहे, किंवा कधीच सांगून झालंय.

करोनातल्या मुक्कामाबद्दल तुम्ही उडत लिहिलंत, पण माझ्यासाठी ती तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. २०२० मध्ये मोठ्या शिक्षेच्या कैद्यांना महाराष्ट्रात आपत्कालीन पॅरोल देताना अट होती की आधीच्या दोन सुट्ट्यांवरून ते वेळेवर परतलेले असावेत. म्हणजे जेठ त्या कसोटीला उतरले होते. मग महिनोन्‌महिने घरी राहिले, आणि सरकारने बोलावल्यावर परत गेले. तेव्हा ते पीत होते का? हे आठवा. सातपुड्याच्या पायथ्याची गावं तुमची, मोहाची दारू हाकेच्या अंतरावर. दारू नसेल तर माझी निम्मी काळजी मिटली. असेल तर घरात राहायची पहिली अट तीच, आणि ती यजमानांनी घालायची, तुम्ही नाही.

सुटकेच्या ऑर्डरची प्रत मागून घ्या आणि अटी वाचा. पोलीस ठाण्यात हजेरी, अमुक हद्दीत जायचं नाही, असं काही असू शकतं. रेशनकार्डातून नाव कमी झालं असेल ते पुन्हा घालायला अर्ज, आधार, बँकेचं खातं ही कामं पहिल्या महिन्यातच करा आणि त्या रांगांत जेठांना स्वतः उभं करा. जळगावला जिल्हा परिविक्षा अधिकारी आहेत, महिला व बालविकास खात्यात. सुटलेल्या बंद्याला धंद्यासाठी अर्थसाहाय्य मिळण्याची सोय त्यांच्याकडे असते. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे मी त्या खुर्चीवर बसलेली होते म्हणून सांगते.

प्रश्न : १९३२ साली धुळ्याच्या जेलात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तो काळ गेला. आता जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं पाहुणचार आणि मग बाहेर येऊन पुन्हा तेच धंदे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, असा कायदा का करत नाही? – निवृत्त मुख्याध्यापक, शिरपूर

उत्तर : सर, विनोबा आणि साने गुरुजी सत्याग्रही म्हणून आत होते, ऐकायला बसणारेही पुष्कळसे सत्याग्रहीच. खुनी सुधारावेत म्हणून ती प्रवचनं नव्हती, तेव्हा त्यांना यात ओढू नका. कैद्यावर भरवसा टाकायचा प्रयोग पाहायचा तर औंध संस्थानातलं स्वतंत्रपूर बघा, आटपाडीजवळ, १९३९ सालचं, भिंत नसलेली वसाहत. आपल्याला जवळ पैठण. तिथल्या खुल्या कारागृहात जन्मठेपेचे कैदी शेती करतात. पळून जाणं आतल्या जेलपेक्षा किती सोपं, पण जवळजवळ कोणी जात नाही.

तुम्हाला हवा तो कायदा आहेच. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सांगून टाकलंय. चौदा हा आकडा १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या ४३३-अ कलमात आहे, तोही उलट बाजूने. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडताच येणार नाही, असं ते कलम म्हणतं. चौदाला सोडलंच पाहिजे असं म्हणत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४७५ आहे. आपल्या राज्याच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर टप्पे पाडलेत. रागाच्या भरात, पूर्वतयारी नसताना केलेल्या खुनाला माफी (शिक्षेत मिळालेली सूट) धरून २० वर्षं, ठरवून केलेल्याला २२, टोळीने केला तर त्याहून जास्त. पॅरोलचे दिवस चौदात धरायचे नाहीत, हेही २०२३ मध्ये ठरलं. आणि २००८ नंतर न्यायालयं निकालातच लिहू लागलीत, अमुक वर्षं माफी नाही.

सोडताना काय बघायचं तेही २००० सालच्या लक्ष्मण नस्कर निकालात आलंय. गुन्हा त्या माणसापुरता होता की समाजावर घाला होता, पुन्हा होण्याची शक्यता आहे का, तशी ताकद त्याच्यात उरलीय का, आत ठेवून काही साधणार आहे का, घरची परिस्थिती काय. प्रश्न चांगले आहेत. उत्तरं मात्र पुष्कळदा ठाण्यातला हवालदार लिहितो, जो गावात गेलेला नसतो. "सोडल्यास शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही," हे एकच वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की त्याचा शिक्का करून ठेवायला हरकत नव्हती. तुमचा राग खरा तर या कागदावर असायला हवा. त्याने सुटायला लायक माणूस आत सडतो आणि ज्याच्याबद्दल खरंच धास्ती आहे त्याची फाइलही तेवढ्याच वाक्यावर पुढे सरकते.

कारण धास्ती वाटावी असे असतात, सर. मी वरच्या उत्तरात बांधावरच्या खुनाबद्दल लिहिलं. बायकोला पिऊन रोज मारणारा आणि एक दिवस मारूनच टाकणारा, लहान मुलीवर हात टाकलेला, पैसे घेऊन मारणारा, यांच्या फाइलवर मी कधी सहज सही केली नाही. यांचं भांडण एका बांधापुरतं नसतं, ते बाहेर आल्यावर दुसरं घर शोधतं. जन्मठेप भोगत असताना खून केला तर न्याय संहितेच्या १०४ कलमाखाली फाशी किंवा मरेपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या ३०३ कलमात फक्त फाशीच होती, ती १९८३ मध्ये घटनाबाह्य ठरली. पण अशा माणसाला कलमाच्या भीतीने आवर बसतो यावर माझा विश्वास नाही. त्याला सोडण्याआधी नीट चौकशी झाली तरच काही उपयोग.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातला. माझे वडील मारले गेले तेव्हा मी सहावीत होतो. मारणाऱ्याच्या सुटकेची चौकशी सुरू झाली आहे. हवालदार घरी आले, छापील कागद पुढे केला आणि "काही हरकत नाही ना, सही करा" म्हणाले. आई आत जाऊन बसली. मी सही केली नाही. आता गावातले लोक म्हणतात, सोडून दे, किती वर्षं वैर धरशील. आमच्या म्हणण्याला काही किंमत असते का?

उत्तर : सही केली नाहीस ते बरं केलंस. बाळा, लोकांना वैर संपायला हवं असतं कारण त्यांना दोन्हीकडच्या लग्नाला जायचं असतं. तुझ्यावर तसली घाई नाही.

तुमच्या म्हणण्याला किंमत आहे, पण ती लेखी असेल तर. छापील कागदावर सही न करता स्वतःच्या हाताने अर्ज लिही, जिल्हा पोलीस अधीक्षकांना आणि तो ज्या जेलात आहे तिथल्या अधीक्षकांना, आणि पोच घे. "त्याला सोडू नये, त्याने आमचा संसार उद्ध्वस्त केला," हे खरं असलं तरी फाइलीत वजन धरत नाही, प्रत्येक खुनाबद्दल ते खरं असतं. वजन धरतं ते हे : पॅरोलवर आला तेव्हा तुमच्या दारात आला का, कोणाकरवी निरोप पाठवला का, साक्षीदाराला काही बोलला का, त्याच्या घरच्यांनी खटल्यानंतर काय केलं. तारखा आठवत असतील तर घाल, नसतील तर "त्या साली पोळ्याच्या सुमारास" असं लिही. काहीच घडलं नसेल तर खोटं घालू नकोस. तेवढ्या एका खोट्यापायी बाकीचं खरंही जातं.

सुटका झालीच तर अट मागता येते. त्याने तुमच्या गावात राहू नये, तुमच्या घराशी संपर्क करू नये. सरकारला अटींसह सोडायचा अधिकार आहे, अट वाजवी आणि स्पष्ट हवी. ती मोडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७३ कलमाखाली माफी रद्द होऊन पोलीस त्याला वॉरंटशिवाय उचलू शकतात, उरलेली शिक्षा भोगायला. मात्र त्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, किरकोळ कारणावर रद्द होत नाही. म्हणून काही घडलं की त्याच दिवशी ठाण्यात लेखी दे.

आणि हुकूमच चुकीचा असेल तर न्यायालयात जाता येतं. गुजरातेत बिल्किस बानोंवरचा सामूहिक बलात्कार आणि त्यांच्या घरच्यांचे खून यासाठी जन्मठेप भोगणाऱ्या अकरा जणांना १५ ऑगस्ट २०२२ ला सोडलं होतं. बिल्किस बानो स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ८ जानेवारी २०२४ ला तो हुकूम रद्द झाला, अकराही जण परत आत गेले. प्रत्येक प्रकरणात असं होईल असं नाही. पण ज्याच्यावर बेतलं त्याला दाद मागता येते.

वर चोपड्याच्या ताईंना मी सांगितलं की असा माणूस क्वचितच पुन्हा खून करतो. तुलाही तेच सांगते, पण ते ऐकून तुला बरं वाटलं पाहिजे असं नाही. तुझा बाप एकदाच मारायचा होता, तो मारून झाला. हरकत घ्यायची तर घे, नाही घ्यायची तर नको घेऊस, आईला विचारून ठरव. गावाला विचारू नकोस.

प्रश्न : धरणगाव भागात माझं जिनिंग आहे. जन्मठेप भोगून आलेला एक पन्नाशीचा माणूस रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम मागतोय. ठेवावा का? बायको नको म्हणते.

उत्तर : ठेवा. काय केलं होतं आणि कोणाला, हे त्यालाच समोर बसवून विचारा, तो सांगेल. ज्याला मारलं त्याच्या घरचं कोणी तुमच्याकडे कामाला नाही ना, एवढं बघा. सुटकेच्या ऑर्डरची प्रत मागा, ठाण्यात हजेरी लावायची असेल तर त्या वेळी सुट्टी द्या. जेलच्या कारखान्यात सुतारकाम किंवा हातमाग शिकलेला असेल तर वॉचमन कशाला करता, दिवसा कामाला घ्या. रात्री एकट्याला बसवणं हे त्याच्यासाठीही फार बरं नाही.

पगार इतरांना देता तेवढाच द्या. "तुला दुसरं कोण ठेवणार" म्हणत निम्म्या पैशांत राबवून घेणारे मी तुमच्याच धंद्यात पाहिलेत. बायकोला सांगा, हंगामात एकदा गेटवर येऊन त्याच्याशी दोन शब्द बोला, मग काय ते ठरवा.